सायखेड्याच्या काकूंच्या सैल बांगड्या

खरं सांगते, आज मी एका पेशंटवर जळले.

सायखेड्याच्या काकू आणि मी, दोघींचंही डायलिसिस घरीच चालतं. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी सोडायचं, काढायचं, रोज चार वेळा. माझी त्यासाठी वेगळी खोली, पंखा बंद, तोंडाला मास्क. काकूंच्या दारात दोन म्हशी. तरी वर्षात दोनदा इन्फेक्शन मला, त्यांना एकदाही नाही.

आज दवाखान्यात सिस्टर सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक करत होत्या. मी तोंड फिरवून बसले. तेवढ्यात माझ्या इन्फेक्शनचा रिपोर्ट आला. "जंतू तुमच्याच कातडीवरचे आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"पण मी हात धुते की."

काकूंनी माझ्या घट्ट हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं. "ताई, ह्या काढून धुता का? मी एक माप मोठ्याच भरते. दर टायमाला खुंटीला लावते. सासू लय बोलली. म्हटलं, बोला."

लग्नापासून मी हात रिकामा ठेवला नव्हता. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून.

घरी येऊन साबण लावून बांगड्या काढल्या. खाली कातडी पांढरी पडली होती. हेवा अजून वाटतोच, आता त्या "बोला" म्हणण्याचा.

डॉक्टरांचं सगळं ऐकता, पण एक गोष्ट काही केल्या सोडवत नाही, असं तुमचं काय आहे?