शंकाबाई आणि गावचा ताप

तिला सरळ हो म्हणता येत नसे. "बाई, चहा घेणार का?" असं विचारलं तरी म्हणायची, "साखर आधीच घातली असेल ना? मग बघू." डोंबिवलीत वाढलेली, परदेशात शिकून आलेली, ठाण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत मलेरियाच्या किड्यावर काम करणारी ही बाई खाडीकाठच्या आमच्या गावात आली आणि आठवड्याभरात पोरांनी तिचं नाव शंकाबाई ठेवलं. मीही तेच म्हणायचे, तोंडावर. तिला राग आला नाही. राग आलाय की नाही, याचीच तिला खात्री नसावी.

मी चौथी शिकलेली, सुकी मासळी विकून घर चालवलेली बाई. माझा धंदाच संशयाचा. गिऱ्हाईक बोंबलाचा वास घेऊन परत ठेवतं, मी त्याची नोट उजेडात धरते. म्हणून आमचं जमलं. जमलं म्हणजे काय, दोघींचा एकमेकींवर विश्वास नव्हता आणि दोघींना ते माहीत होतं.

ती बोटाला टोचून रक्ताचा थेंब जाड कागदावर घ्यायची. ताप असो नसो, सगळ्यांचा. म्हणायची, "ताप नाही त्याच्याही अंगात किडा गुपचूप बसलेला असतो."

"पण आमच्या रक्ताचं तुम्ही करता काय?" मी एकदा अडवलंच.

"रक्ताचं नाही आजी, किड्याचं. त्याच्या आत त्याचं कूळ लिहिलेलं असतं. नव्या माणसांत गेला की तो हळूहळू बदलतो. त्यावरून कळतं, कुठून कुठे गेला ते." आणि वर, "बहुतेक कळतं."

हे बहुतेक गावाला नको होतं. गावाला नाव हवं होतं. आमच्या शिवाराला लागून टॉवर उठत होता आणि त्याच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत झारखंडचे मजूर राहत होते. ताप त्यांनीच आणला, असं गावकीत ठरून गेलं होतं. बाईंनी तेवढं कागदावर लिहून दिलं की ठेकेदाराला सांगून पत्रे उचलायचे, एवढंच बाकी होतं. माझा मुलगा पांडू त्यात सगळ्यांत पुढे. मला ते लोक आवडत नव्हते असं नाही, पण ताप त्यांचाच हे मलाही खरं वाटत होतं. त्यांच्यातली सुखमणी माझ्याकडून उधारी न करता सुकट न्यायची. तिला दिवस गेले होते, पोट चांगलं वर आलं होतं, आणि मधूनमधून ती तापाने फणफणायची. पत्रे उचलले असते तर ती त्या पोटासकट कुठे गेली असती, हे गावकीत कुणी विचारलं नाही.

पहिला निकाल, फक्त बाप्यांच्या रक्ताचा, घेऊन शंकाबाई आली तेव्हा माझ्या ओट्यावरच बसली. गावाच्या रक्तातला किडा आणि पत्र्यातल्या लोकांच्या रक्तातला किडा एकाच कुळाचा निघाला होता.

पांडू मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा! बोललेलो ना मी? त्यांचाच आहे. द्या लिहून."

"नाही देणार."

"आता काय शंका आहे तुम्हाला?"

"फारच सारखं आहे," ती म्हणाली. "तुमच्या गावात ताप नवा नाही. जुन्या जागी किड्याची नाना कुळं नांदत असतात. नव्या वस्तीत जाताना त्यांतलं एखाददुसरंच जातं, म्हणून नव्या लोकांत सगळे किडे भावंडं वाटतात. पत्र्यात तसं दिसलं तर समजू शकते. पण गावात? तुमची जुनी कुळं गेली कुठे?"

पांडू खाडीकडे बघायला लागला. माझा मुलगा आहे तो. कधी खाडीकडे बघतो ते मला कळतं.

आणि मला माझी टोपली आठवली. त्या महिन्यात सुकट विकली त्याहून जास्त घटत होती. मी मांजरावर संशय घेतला होता, सुनेवरही घेतला होता. गावातल्या बाप्यांचं रक्त संध्याकाळी घेतलं जायचं, ते कामावरून आल्यावर. तेव्हा बाईंची नर्स असायची आणि तिला आमचे चेहरे ओळखीचे नव्हते. त्याच दिवसांत पत्र्यातले बापे आमच्या गल्लीतून सुकटीचा वाटा घेऊन जाताना मी पाहिले होते.

"पांडू, कुणाचं रक्त दिलंत रे?"

"आये, तू गप बस."

"मी गप बसणार नाही. माझी सुकट आहे ती."

मग निघालं. गावात कुणीतरी पुडी सोडली होती की हे रक्त बिल्डरकडे जातं, गाव रोगट आहे असं दाखवून जमिनी काढून घेणार. म्हणून आमच्या शूर बाप्यांनी आपापल्या नावावर मजुरांना उभं केलं होतं, वाटाभर सुकटीवर. ज्यांना हाकलायचं, त्यांचंच रक्त आपलं म्हणून दिलं होतं.

मला वाटलं, बाई आता ओरडेल. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "मग आता खरं द्याल? की तेही तपासू?" त्या वेळी ती स्वतः बसली. प्रत्येकाला आधी आधारकार्ड विचारलं आणि तरीही माझ्याकडे बघून घेतलं, हा तोच ना म्हणून.

दुसरा निकाल तिने गावकीसमोर सांगितला. गावात किड्याची बरीच कुळं होती. त्यांतलं एकच पत्र्यात पोचलं होतं आणि तिथे गेल्यावर त्यात बारीक बदल झाले होते, जे गावात कुणाच्या अंगात नव्हते. म्हणजे ताप पत्र्यातून गावात आला नव्हता. गावातून पत्र्यात गेला होता. पत्र्यातल्या एकदोघांत झारखंडचं कूळही सापडलं होतं. तेही तिने लपवलं नाही. आम्ही चिडलेलो होतोच, तेवढ्याने पत्र्यातले लोकही चिडले.

"नक्की ना?" कुणीतरी मागून ओरडलं.

"असं दिसतं," शंकाबाई म्हणाली. यापेक्षा मोठा होकार मी तिच्या तोंडून ऐकला नाही.

पत्रे राहिले. गावाला दया आली म्हणून नाही, लिहून द्यायला कुणी मिळालं नाही म्हणून. सुखमणीला मुलगी झाली, अशक्त पण जिवंत. टॉवर पुरा झाल्यावर ते सगळे गेले. बाईचं कामही संपलं आणि ती आसामात कुठेशी गेली. जाताना पाया पडली नाही, मीही डोळे पुसले नाहीत. "आजी, तुम्ही खरं सांगितलंत," म्हणाली, आणि लगेच, "सुकटीसाठी का होईना."

यंदा टॉवरात राहायला आलेल्यांनी पालिकेत अर्ज केला. त्यांच्याकडे ताप आलाय आणि तो आमच्या गावातून येतो, गावाचं काहीतरी करा. पांडू लाल झाला. मी शंकाबाईला फोन लावायला सांगितला. वाटलं, निदान या खेपेला आपल्या बाजूने बोलेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. "असू शकेल हो, आजी," म्हणाली. "तपासल्याशिवाय 'नाही' म्हणता यायचं नाही."

माझा असा संताप झाला की मी फोन ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत सुकट निवडत बसले. मग पांडूला हाक मारली.

"त्या टॉवरवाल्यांना जाऊन सांग, आमचं सगळ्यांचं रक्त घ्या. पण तुमचंही द्या. आणि स्वतः खाली उतरून द्या म्हणावं, वॉचमनला पाठवलेलं चालणार नाही."