दुपारी तुटणारी बाग

सकाळी सगळं सुरळीत असायचं. वंग ली-चू स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायची, शेजारी वडिलांची, आबांची, पेज निवत ठेवलेली असायची, आणि पडद्यावर दूर दक्षिण तैवानात तैनानकडच्या खांग शेठच्या ऑर्किडच्या बागेतला संगणक उघडायचा. इथे बोट फिरवलं की तिथला बाण हलायचा. कुठल्या रांगेत किती कुंड्या फुलल्या, कुणाला किती दिल्या, किती शिल्लक, सगळं डोळ्यांसमोर. मग दुपार व्हायची. बागेतली माणसं जेवून, डुलकी काढून पॅकिंगच्या शेडकडे गेली की थोड्या वेळाने पडदा गोठायचा, काळा व्हायचा, आणि त्यावर तेच मेलं वाक्य उमटायचं: 'संपर्क होऊ शकला नाही. कृपया आपलं नेटवर्क तपासा.'

"तपासतेय की! दुसरं काय करतेय मी?" ली-चू पडद्यावर खेकसायची.

आतल्या खोलीतून आबांचं खोकल्यासारखं हसू ऐकू यायचं. पक्षाघाताने म्हाताऱ्याचा उजवा हात नेला, अर्धी वाचा नेली, पण कुत्सितपणाला धक्कासुद्धा लावला नव्हता.

ली-चूची पन्नाशी उलटली होती. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारेही आता थकले होते. ताइचुंगला लाय शेठच्या छोट्या कंपनीत तिचं निम्मं आयुष्य गेलं. स्क्रूचे कारखाने, शेवयांचे कारखाने, फुलांच्या बागा अशा लहान लहान धंद्यांचे संगणक चालते ठेवायचे, हे तिचं काम. आधी स्कूटरवर पिशवी टाकून दारोदार हिंडायची. पुढे दुरून संगणक चालवायची सोय आली आणि पिशवी माळ्यावर गेली. गिऱ्हाइकाने फोन करायचा, पडद्यावरचा आकडा वाचून दाखवायचा, आणि हिने इथूनच आत शिरून दुरुस्ती करायची. भिंतीतून पलीकडे जाणारी बाई, असं तिला ऑफिसात म्हणत.

हिवाळ्यात आबा न्हाणीघरात पडले. ली-चू पुली या आपल्या गावी घरी आली ती आलीच. लाय शेठने घरून काम करायला परवानगी दिली, पण नेहमीप्रमाणे शेपूट जोडून.

"कर बाई घरून. पण गिऱ्हाइकाचं काम अडलं आणि माझ्याकडे तक्रार आली, तर तू परत ऑफिसात. मग मला वडिलांचं सांगायचं नाही."

ऑफिसात म्हणजे ताइचुंगला, आणि मग आबा सेवाकेंद्रात. तिने एक केंद्र जाऊन पाहिलं होतं. स्वच्छ होतं, माणसं बोलायला बरी होती. चाकांच्या खुर्च्या एका ओळीत टीव्हीसमोर लावल्या होत्या आणि कुणीच टीव्ही पाहत नव्हतं. परतताना तिने मनाशी ठरवलं की आबा तिथे जाणार नाहीत. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन ती पहिल्या घंटीला उचलत होती.

आणि नेमका खांग शेठचा घोळ आला, तोही मदर्स डेच्या तोंडावर. या दिवसांत शेठ तैपेईच्या फुलबाजारात ठाण मांडून बसायचा आणि तिथून बागेतल्या संगणकावर कुंड्या बघून सौदे करायचा. दुपारी बाग तुटली, म्हणजे तिचा संपर्क तुटला, की त्याला काहीच दिसायचं नाही. बागेच्या ऑफिसात क्वेई आक्का असायच्या. तिथल्या जुन्या कारकून. हिशेब, फोन, चहा आणि शेठचा राग, सगळं त्यांच्याच अंगावर.

ली-चूने पहिला संशय घेतला इंटरनेट देणाऱ्या कंपनीवर. तासभर संगीत ऐकवून तिथल्या मुलाने सांगितलं, "आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय." मग तिने शेठच्या भाच्याला धरलं. त्याने सिनेमे बघायला मूळ राउटरच्या पुढे आपला दुसरा राउटर जोडून ठेवला होता. एका दारातून आत आलेला माणूस दुसऱ्या दारावर आपटत असणार, अशी तिची खात्री झाली. "गाढवा, विचारलं होतंस कुणाला?" असं म्हणून तिने तो काढायला लावला. दुसऱ्या दुपारी बाग पुन्हा तुटली. मग राहिला फायरवॉलचा डबा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला दारात अडवून चौकशी करणारा. त्याचे सगळे नियम तिने पुसून पहिल्यापासून लिहिले. सकाळी सगळं नीट. दुपारी तुटलं.

"सकाळी ओळखतो आणि दुपारी ओळखत नाही. माणूस आहे की काय हा?" ती कपाळावर हात मारून म्हणाली.

"साहेब... झालाय," आतून आबा म्हणाले.

शेवटी तिची वक्रदृष्टी बागेतल्या दुपारच्या डुलकीवर गेली. जेवल्यावर तिथे दिवे घालवून सगळे टेबलावर डोकं टेकतात. कुणीतरी दिव्याबरोबर भलतंच बटण दाबत असणार.

"क्वेई आक्का, झोपायच्या आधी तुम्ही नेमकं कुठलं बटण बंद करता?"

पलीकडे आक्कांचा आवाज चढला. "बाई गं, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी या ऑफिसातले दिवे घालवतेय. मला दिव्याचं बटण कळत नाही होय?"

"तसं नाही हो म्हणायचं मला..."

"तसंच म्हणायचंय तुला! बरं, दुसरं काही असेल तर बोल."

दुसरं काय असणार? धंद्यातल्या सगळ्यांची जीभ शेवटी जिथे वळते तिथेच ली-चूची वळली. "डब्यावर पाकीट आहे ना?"

ते पाकीट मक्याच्या खाऊचं. खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. यंत्राने नीट वागावं म्हणून त्याच्यापाशी ते ठेवायचं असतं, आणि हिरवंच हवं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं, लाल चालत नाही. फोडायचं नाही, खायचं नाही, तारीख उलटू द्यायची नाही. बँकेत असतं, दवाखान्यात असतं, सरकारी कचेरीत असतं. यावर विश्वास आहे असं कुणी कबूल करत नाही आणि ते काढायला कुणी धजत नाही.

"आहे की. पण तारीख उलटलीय बहुतेक."

"अहो आक्का! मग कसा चालेल तो? आजच्या आज नवं ठेवा."

नवं ठेवलं. बाग तुटली. "मोठं मिळालं तर बघा," ली-चू म्हणाली. मोठं ठेवलं. बाग आणखी लवकर तुटली. त्या दुपारी आबांच्या उजव्या हाताचा व्यायाम चालू होता. बोटं मुठीतून सोडवायची, एकेक सरळ करायची, आणि ती पुन्हा मिटायची. रोजचं तेच. तितक्यात फोन वाजला.

"तुटलं गं परत. आता काय करू?"

ली-चूचा संयम सुटला. "काय करू म्हणजे? ठेवा आणखी! पेटीच ठेवा अख्खी, माझं काय जातंय!" आणि तिने फोन आदळला.

आबा तिच्याकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी गावाचे पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त केले होते. "आम्ही... तेल घालायचो," ते मोठ्या कष्टाने म्हणाले. "खाऊ... नाही."

"आबा, गप्प बसा हो."

पुढच्या दुपारी तैपेईत खांग शेठने त्याच कुंड्या दोन दुकानदारांना विकल्या. दोघेही ट्रक घेऊन बागेत हजर झाले. शेठने लाय शेठला फोन केला आणि लाय शेठने ली-चूला.

"उद्या स्वतः जा. तिथे बस, बघ, आणि बंद का पडतंय ते शोधून ये. नाहीच सापडलं तर सोमवारपासून इथे ये. मी बोललो होतो तुला."

"शेठ, एक संधी..."

"हीच ती."

शेजारी शेवयांची गाडी लावणाऱ्या फंग काकूंना तिने दिवसभर आबांकडे बसायला सांगितलं. निघताना आबांनी मान वळवली नाही. "जा," एवढंच म्हणाले. माळ्यावरची पिशवी काढून तिने झटकली, आणि बस, मग रेल्वे, मग रिकाम्या रस्त्यावरची टॅक्सी असं करत ती बागेत पोचली. सगळा रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे चाकांच्या खुर्च्यांची ती ओळ येत होती.

ती पोचली तेव्हा नेमकी डुलकी चालू होती. दिवे बंद, माणसं टेबलांवर पालथी, कुणी गळ्यात उशी घातलेली. ली-चू कोपऱ्यात स्टुलावर बसून बटणांवर नजर ठेवून होती. कुणी कशाला हात लावला नाही. जागं झाल्यावर सगळे शेडकडे निघाले आणि क्वेई आक्कांनी एसी बंद केला.

"माणसं नसताना एसी चालला तर शेठ पगारातून कापेल," त्या म्हणाल्या. परवा आदळलेला फोन त्या विसरल्या नव्हत्या हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पत्र्याखालचं ते ऑफिस बघता बघता तापलं. ली-चूच्या पाठीवरून घाम ओघळू लागला. मोबाइलच्या नेटवरून बागेला जोडलेल्या लॅपटॉपवर तिने नजर रोखली होती. पडदा गोठला. काळा झाला. 'कृपया आपलं नेटवर्क तपासा.'

ती उठली आणि भिंतीवरचं लोखंडी कपाट उघडलं. धुळीपासून जपायला ते कायम बंद असायचं. भाताच्या कुकरचं झाकण काढावं तशी वाफ तिच्या तोंडावर आली. आत फायरवॉलचा डबा दिसतच नव्हता. दिसत होती ती नुसती हिरवी पाकिटं. खाली मोठी, वर लहान, फटींत कोंबलेली, उष्णतेने फुगून टम्म झालेली. तिने दोन ओढून काढली आणि खाली हात लावला. चटका बसला. डब्याला श्वास घ्यायला वरच्या बाजूला ज्या जाळ्या असतात, त्या सगळ्या तिने स्वतःच्या तोंडाने सांगून बुजवून घेतल्या होत्या. एसी बंद झाला की बंद कपाटात डबा आधीच तापत होता; पाकिटांनी त्याचा उरलासुरला श्वासही कोंडला होता.

"आक्का," ती म्हणाली. "हे काय?"

"काय म्हणजे? तूच म्हणालीस ना पेटी ठेव. पेटी मावेना, म्हणून सुटी लावली." क्वेई आक्कांनी हात पुसले. "नुसती नाही ठेवली काही. सगळी देवळात नेली, धुपावरून फिरवून आणली. चार लोकांनी विचारलं, काय गं, बागेत काय झालंय?"

ली-चू तिथेच फरशीवर बसली. तिला कुणाचा तरी राग हवा होता. इंटरनेट कंपनीतल्या त्या मुलाचा, भाच्याचा, या बाईचा. एकही हाताला लागेना. गाढव म्हणून ती ज्याला ओरडली होती तो भाचा दारातून डोकावून गेला, तेव्हा तिने मान खाली घातली.

पाकिटं काढली, कपाटाचं दार उघडं ठेवलं, टेबलावरचा जुना पंखा त्याच्या तोंडाशी लावला. डबा निवला आणि आपणहून जागा झाला. सगळी दुपार गेली, बाग तुटली नाही. मग तैपेईहून शेठचा फोन आला.

"दिसतंय! अजून दिसतंय! काय झालं होतं गं?"

"डबा तापत होता, शेठ. हवा लागत नव्हती."

"का?"

ली-चूने क्वेई आक्कांकडे पाहिलं. क्वेई आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "वर सामान होतं," ली-चू म्हणाली.

"कुणी ठेवलं ते?"

क्वेई आक्कांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. "शेठ, दारात ट्रक आलाय, मी ठेवते." आणि ठेवला. दारात ट्रक नव्हता. मग त्यांनी एकच पाकीट उचललं आणि प्रश्न केल्यासारखं ली-चूपुढे धरलं.

"बाजूला ठेवा," ली-चू म्हणाली. "वर नाही. बाजूला."

परतीच्या गाडीत लाय शेठचा फोन आला. खांग शेठ खूश होता. "राहा तिकडे घरीच," लाय शेठ म्हणाला. "पण असा घोळ परत नको." फोन ठेवल्यावर ली-चू खिडकीकडे तोंड करून रडली. सुटकेने रडली, आणि लाजेनेही. आता जन्मात कुणाला पाकीट ठेवा म्हणून सांगणार नाही, असं तिने ठरवून टाकलं.

घरी आली तेव्हा फंग काकू दारातच चपला घालून तयार होत्या.

"घे बाई तुझा बाप. आज मला सळो की पळो करून सोडलं. हिरवं पाकीट आण, म्हणे. मी लाल आणलं तर भिरकावून दिलं. परत गेले, हिरवं आणलं, तर तारीख वाचून दाखव म्हणे. आणि फोडूही देईना! मी म्हटलं, भूक लागलीय ना? तर शिव्या."

ली-चू आत गेली. आबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात उशीवर ठेवलेला, मूठ मिटलेली, आणि मुठीवर ते हिरवं पाकीट. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तेल घालणाऱ्या माणसाला मुलीकडे बघायची लाज वाटत होती.

"सकाळपासून... ठेवलंय," ते म्हणाले. "नाही... हलत."

दिवसभरात काय काय झालं ते तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. खुर्ची ओढून ती त्यांच्यासमोर बसली, पाकीट उचललं, तारीख पाहिली, आणि मनगटाच्या बाजूला उशीवर टेकवून ठेवलं.

"वर नाही ठेवायचं, आबा," ती म्हणाली. "बाजूला ठेवायचं. हवा लागली पाहिजे."

आबांनी मान हलवली, कामाची गोष्ट कळल्यासारखी. मग तिने त्यांची मूठ हातात घेतली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.