बाबांची सात मिनिटं

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. पण बाबांसमोर हा विषय काढायचा नाही, एवढं कबूल करा.

बाबा बोईसरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत. एकोणीस वर्षांत त्यांना एकही लेट मार्क नव्हता. तीनच्या पाळीसाठी ते दोनलाच घर सोडतात. वीस वर्षं अशी गेली की वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर सत्कार होतो. त्या दिवशी घालायचा शर्टसुद्धा त्यांनी ठरवून ठेवला होता.

ताई त्याच कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. सगळ्यांची हजेरी गेटजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवरून क्लाउडवर न्यायचं काम तिच्याकडे होतं. त्या दिवशी ती ते घरूनच करत होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "अर्धा तास पडते गं. हे बघत बस. थांबलं तर उठव."

थांबलं नाही. पण त्याला चालणं तरी कसं म्हणायचं? एक्केचाळीस टक्के, आणि बराच वेळ एक्केचाळीसच. बाजूला एक रकाना होता : एका वेळी किती कामं चालवायची. तिथे ताईने दोन लिहिले होते. बत्तीसपर्यंत परवानगी होती.

आता आमच्याकडे रोज जेवताना काय ऐकू येतं? "माणसं कमी आहेत, म्हणून माल अडलाय." मला वाटलं, बिचारी ताई दोघांवरच भागवतेय. मी सोळा केले. आकडे पळायला लागले. ताई उठून काय काय कौतुक करेल, ते मी ठरवूनही टाकलं.

पावणेतीनला बाबांचा फोन आला.

"ताईला दे. गेटवरचं मशीन बोट घेत नाहीये."

"ती झोपलीय, बाबा."

मागून चिंचणीचे वॉचमनकाका कुणाला तरी सांगत होते, "ढकलतोस कशाला? आमी काय मशीन अडवून ठेवलंय? बोट घेतल्याबिगर आत सोडायचं नाय."

मी विचार केला (हीच चूक), की आपलं काम लवकर संपलं तर मशीन मोकळं होईल. बत्तीस केले.

तीन वाजून तीन मिनिटांनी पुन्हा फोन. बाबा नुसतं म्हणाले, "उठव तिला."

ताईने स्क्रीन पाहिली, मग मला पाहिलं.

"किती केलेस?"

"बत्तीस."

"अगं, तो एकटा म्हातारा कॉम्प्युटर. गेटवरचं प्रत्येक बोट त्यालाच विचारून आत सोडतात. दोघंच ठेवले होते ते त्याला गेटकडेही बघता यावं म्हणून. तू बत्तीस जण त्याच्या अंगावर सोडलेस."

तिने परत दोन केले. मिनिटाभरात रांग हलली. बाबांचं बोट लागलं तीन वाजून सात मिनिटांनी.

"काढून टाक ना तो मार्क," मी रडत म्हणाले.

"यापुढे कुणाचीही नोंद हाताने बदलायची नाही, हा नियम मीच करून घेतलाय," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातपाय धुतले, ताटावर बसले आणि विचारलं, "पण काम झालं ना नीट?"

झालं. एकोणीस वर्षांची हजेरी सुखरूप पोहोचली, आणि शेवटी ती सात मिनिटंही. ताई म्हणते, क्लाउडवर गेलेलं काही हरवत नाही.