रक्तातले तुकडे

त्या दुष्काळी वर्षी आमच्या दूध सोसायटीत सकाळी जेमतेम दोन कॅन भरायचे. निम्मी जनावरं चारा छावणीत होती, माजलगावचं धरण तळाला गेलं होतं. मी सोसायटीची सचिव. डाव्या बाजूची गाठ स्तनासकट काढली, केमो झाले, तरी दूध मापायचं काम मी सोडलं नव्हतं.

औरंगाबादला तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक जादा नळी भरून घेतली. म्हणाल्या, "कॅन्सरच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. कुठे काही उरलं असेल तर त्यावरून कळू शकतं. ही तपासणी अजून अभ्यासातच आहे." निकालाला काही आठवडे लागणार होते.

परतताना बसमध्ये नवरा म्हणाला, "सगळं काढलं न्हाई का? मग आता कावून बघायलेत?"

तोवर मी समजत होते, आजार एका जागी होता आणि ती जागाच आता उरली नाही. त्या दिवसापासून तो अंगभर फिरतोय असं वाटायला लागलं. मनगटावरची नाडी उडताना दिसली की मी पदरानं मनगट झाकून घ्यायचे.

एकदा कॅनच्या झाकणानं बोट कापलं. लेक फडकं घेऊन धावत आली. मी ओरडले, "हात नगं लावूस!" ती जागीच थिजली. हा रोग रक्तानं लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी टँकरचं जपून ठेवलेलं पाणी ओतून मी बोट धूत राहिले, फडकं चुलीत टाकलं.

सासूबाईंनी पोरीला जवळ घेतलं. "लेकराला कावून भिववायलीस? भ्या वाटायलंय तर माझ्यापशी बोल की."

मी तिथंच बसले आणि हुंदके देत रडले. "आत्या, ते परत आलं तर?"

"मी हाय ना," त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्याच माझ्यासोबत आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात काही सापडलं नाही." सासूबाईंनी हात जोडले.

मी विचारलं, "म्हणजे गेलं?"

"आत्ता दिसत नाही, एवढंच सांगू शकते. पुन्हा रक्त घेऊ. बाकीच्या तपासण्याही चुकवू नका."

बाहेर सासूबाईंनी दोन चहा घेतले. माझा त्यांनी बशीत ओतला, फुंकून निववला. मग बशी माझ्या ओठाला लावली.