बॅटरीचा निरोप

यंदा ताउनोने कॅराव्हॅनला, गाडीमागे जोडून न्यायच्या त्या सहलीच्या घराला, हातच लावला नव्हता. नोव्हेंबर सरत आला, तळं गोठलं, टपावर वीतभर बर्फ साचला, तरी ती घरामागे जशीच्या तशी उभी. नळ बंद, गाद्या आडव्या आणि बॅटरी पुढच्या पेटीतच. उत्तरेकडच्या आमच्या काइनू भागात कुणी असं केलं, की शेजारी आधी त्याची तब्येत विचारतात.

शेजारचा रेयो आलाच. "काय रे, विकायचीय की गोठवून मारायचीय तिला?"

"असू दे."

"असू दे काय? बॅटरी उतरली की गोठते, गोठली की फुटते. हे मी तुला शिकवायचं?"

"कुणाला जायचंय आता तिच्यातून?" ताउनो म्हणाला. रेयो टोपी कानांवर ओढत माघारी वळला.

हिवाळ्याआधी कॅराव्हॅन आवरून बंद करायचं काम अडतीस वर्षं नवरा-बायकोने मिळून केलं होतं. हिल्काकडे आतलं: टाकी रिकामी करायची, नळ उघडे ठेवायचे, गाद्या उभ्या करायच्या. ताउनोकडे बाहेरचं. आणि दरवर्षी हा बाबा बॅटरी विसरून घरात यायचा, बूट काढायचा, की स्वयंपाकघरातून आरोळी: "ताउनो! बॅटरी!" अख्ख्या रस्त्याला ऐकू जायची. "हिल्का ओरडली, आता हिवाळा आला," असं रेयो म्हणायचा. खरं सांगायचं तर ताउनो पहिली दोन-तीन वर्षंच विसरला होता. पुढे तो मुद्दाम विसरायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, तिलासुद्धा नाही.

ऑगस्टपासून हिल्का गावातल्या वृद्धाश्रमात होती. घरी शेगडी चालू ठेवून ती रस्त्यावर निघून जायला लागली, तेव्हा त्याचा नाइलाज झाला. ऑक्टोबरपासून तर ती त्याला ओळखेनाशी झाली. मंगळवारी आणि शनिवारी तो वेलचीचा गोड पाव घेऊन जायचा, समोर बसायचा. एकदा, फक्त एकदा तिने नावाने हाक मारावी, एवढीच त्याची आस होती. फार मागत होता का तो?

त्या शनिवारी ती खिडकीतून बर्फाकडे बघत होती.

"तुम्ही कुणाकडे आलात?" तिने विचारलं.

त्या 'तुम्ही'ची त्याला अजून सवय झाली नव्हती. "इथेच आलो," तो म्हणाला.

"थंडी वाढली हो. माझा नवरा घरी एकटाच आहे." ती जरा पुढे झुकली. "कॅराव्हॅनची बॅटरी आत घ्यायला विसरतो तो. दरवर्षी! त्याला निरोप द्याल का?"

"देतो," ताउनो म्हणाला.

"नक्की हं. भारी वेंधळा आहे. पण माणूस चांगला आहे."

तो घरी पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि अंधारून आलं होतं. त्याने घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. फावड्याने बर्फ काढला, पेटी उघडली, हातमोजे फेकून देऊन आधी काळी वायर सोडवली, मग लाल. बोटं बधिर झाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते थंडीमुळे नव्हतं.

"आत्ता सुचलं होय?" कुंपणापलीकडून रेयो ओरडला.

"निरोप आला!"

"कुणाचा?"

"हिल्काचा."

रेयो टॉर्च घेऊन आला आणि उजेड धरून उभा राहिला. बॅटरी शाबूत होती. ताउनोने ती उराशी धरून तळघरात नेली, फळीवर ठेवली, चार्जर लावला. मग नळ उघडले आणि सगळ्या गाद्या उभ्या केल्या.

मंगळवारी तो तिच्यासमोर बसला. "तुमचा निरोप दिला. त्याने बॅटरी आत घेतली."

"आपणहून?"

"छे! सांगितल्यावर."

हिल्का खुदकन हसली. "वाटलंच मला! आता दर महिन्याला चार्ज कर म्हणावं. तेही विसरेल."

"सांगतो."

तिने पाव मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे केला. "घ्या. थंडीतून आलात."

ताउनोने तो दोन्ही हातांनी घेतला.