रविवारची चाकं

माझा सायकलवरचा जोडीदार गेला तो गणपती झाल्यावर, मुंबईकर परत गेले त्याच आठवड्यात. झोपेतच. त्याच्या सायकलीला चाकांचे दोन जोड होते. आठवडाभर बाजारहाट करायला दणकट जोड, आणि रविवारी माझ्याबरोबर मालवणहून आचऱ्याकडे निघायचं म्हणून हलकी, रेसची चाकं. शनिवारी संध्याकाळी तो ती चढवायचा, सोमवारी काढून पडवीत टांगायचा. मी म्हणायचो, एवढे लाड बायकोचे केले असतेस तर! तो नुसता हसायचा.

सायकल त्याचा भाचा घेऊन गेला, ती आठवड्याच्या चाकांसकट. रविवारची चाकं पडवीतच राहिली. वहिनींनी मला बोलावून घेतलं.

"भावजी, तुमच्या सायकलीक बसतत काय बघा. बसली तर तुमची. नाय तर आयतवारी भाचो येतलो, तो घेवन जातलो."

मला ती हवी होती. दुसऱ्या कोणाकडे जाऊ नयेत, एवढंच. भाचा बिचारा चांगला आहे, पण मला उगाचच त्याचा राग आला.

माझी सायकल जुनी रेसिंगची, आणि ब्रेक मी रिमला अगदी चिकटवून ठेवलेले. उताराला मी घाबरतो, त्यात लपवायचं काय? ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यामध्ये पोस्टकार्ड जेमतेम जाईल. "तुका सायकल चालवूची आसा काय थांबवूची?" असं तो दर रविवारी विचारायचा.

चाकं घरी आणली आणि माझ्या अंगणात सायकल उलटी केली. माझं मागचं चाक काढून त्याचं घालायला गेलो, तर टायर ब्रेकच्या रबरांमध्ये अडकला. त्याचे टायर माझ्यापेक्षा जाड. ब्रेकची तार सैल केली, साबणाचं पाणी लावलं, शिव्या घातल्या. मधेच एक त्यालाही घातली. चाक काही आत जाईना.

उपाय मला माहीत होता. हवा सोडायची, मऊ झालेला टायर दाबून आत सरकवायचा आणि मग जागेवरच हवा भरायची. चहा उकळेपर्यंत होणारं काम. पण त्या टायरमधली हवा त्याने भरलेली होती. थोडी कमी झाली होती, पण होती. मी वॉल्व्हवर बोट ठेवून बसून राहिलो. घरात दुसरं कोणी नाही. मुलगी मुंबईला, पण तिला फोन करून सांगणार काय? टायरमधली हवा सोडवत नाही म्हणून?

शेवटी सोडली. फुस्स करून गेली, रबराचा वास आला, बस. चाक आत गेलं. पुढचंही तसंच घातलं. हवा भरली आणि ब्रेक जरा उघडे ठेवले, कारण इलाज नव्हता. वहिनींना फोन केला, म्हटलं, "बसली." त्या "बरा झाला" म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

रविवारी एकटाच निघालो. वाटेत एक मोठा उतार लागतो. तिथे पायडल मारायचं थांबवलं आणि मागून कर्रर्र सुरू झालं. पाय थांबले की त्याच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील असं वाजायचं. अंगणात चाक फिरवलं तेव्हाही वाजलं असणार, पण माझं सगळं लक्ष ब्रेककडे. इतकी वर्षं प्रत्येक उताराला तो आवाज मागून जवळ जवळ यायचा, मी डावीकडे सरकून वाट द्यायचो, आणि तो सुसाट पुढे निघून जायचा.

मी डावीकडे सरकलो. ब्रेकही लावला. आवाज जवळ आला नाही की पुढे गेला नाही, कारण तो आता माझ्याच सायकलीचा होता. इतकं एकटं मला त्याच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी उतार संपेपर्यंत मी कडेकडेनेच गेलो, त्याच्यासाठी रस्ता मोकळा ठेवून.