वीस ठोकळे

काडेपेटीएवढ्या यंत्रांना बांधकाम शिकवतात म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि यंत्रांना किडे. वाळवीला कुठे मुकादम असतो? जी ती समोर दिसेल तेवढंच पाहते, तरी वारूळ उभं राहतंच ना! तसंच या किड्यांचं. ठोकळा उचल, शेजारी ठोकळा असेल तर त्याला लावून ठेव, वाट अडली तर वळ. असे एकेचाळीस नियम मास्तरांनी साडेतीन वर्षं डोकेफोड करून लिहिले होते.

आणि मग ती आली. आली कसली, टपकली! नवी संशोधक, वय जेमतेम पंचवीस, आणि स्वतः एक नियम लिहील तर शपथ. कॉम्प्युटरवर शंभर टोळ्या सोडायच्या, प्रत्येकीच्या सवयी निराळ्या. ज्यांची भिंत बरी, त्यांच्या सवयींची सरमिसळ करून नव्या शंभर टोळ्या, बाकीच्या बाद. अशा तीनशे पिढ्या झाल्या.

"ते असं का वागतात, मलाही नाही सांगता येत, मास्तर," ती हसत म्हणायची. हसत! मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तिच्या टेबलापाशी दोन मिनिटं जास्त थांबल्या तरी यांना घास गोड लागत नसे.

शेवटी मॅडमनीच सांगितलं, "शुक्रवारी एकाच टेबलावर दोघांच्या भिंती. दोघांना दोनदोनशे ठोकळे. ज्याची भिंत आधी पुरी होईल त्याचे नियम पाचशे किड्यांत भरू, दुसऱ्याचे पुसून टाकू."

शुक्रवारी ती हात धुवायला गेली तेवढ्यात मास्तरांनी तिच्या ढिगातले वीस ठोकळे कोटाच्या खिशात घातले. लाज वाटली, नाही असं नाही. पण जिवाला बरंही वाटलं.

दोन तासांनी तिचा ढीग संपला. तिची भिंत वीस ठोकळ्यांनी अपुरी, मास्तरांची फक्त सहांनी. तिचे किडे रिकामे फिरू लागले. मास्तर मनातल्या मनात पेढे वाटत होते. तेवढ्यात तिच्या किड्यांतला एक फिरत फिरत यांच्या भिंतीपाशी आला, वरचा ठोकळा ओढला आणि चालता झाला. मग दुसरा. मग सगळेच! मास्तरांचे किडे बिचारे ठेवतायत आणि ते उचलतायत. चोराचं काय करायचं, हे एकेचाळीस नियमांत कुठेच नव्हतं.

तिची भिंत पुरी झाली. मॅडमनी टाळी वाजवली. ती मात्र ओशाळून मास्तरांकडे आली.

"मास्तर, खरं तर तुम्हीच जिंकत होता. ढीग संपला नसता तर माझ्या किड्यांनी तुमच्या भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. ठोकळे मोजताना माझीच चूक झाली बहुतेक. मॅडमना सांगते, पुन्हा मोजून पुन्हा घेऊ. साडेतीन वर्षांचं काम असं कसं पुसायचं?"

तिने मोजायला सुरुवातही केली. मास्तरांची मूठ खिशात आवळली गेली.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "मोजू नकोस. पुसा माझे."